आवाज फाटू द्या, खिसा नको

दिवाळी झाली की माझ्या दुकानात एक ठरलेला प्रश्न येतो. बोनस हातात आलेला असतो, नाताळ आणि लग्नसराईचे कार्यक्रम समोर दिसत असतात. एखादा पोरगा काउंटरवर कोपर टेकवून म्हणतो, "काका, पंधरा वॉटचा ट्यूब ॲम्प आहे. तो देऊन पन्नासचा घेतोय. का सरळ शंभरचाच घेऊ?" मी आधी चहा सांगतो. या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर दिलं की पोरगं दुसऱ्या दुकानात जातं, हे मला आता कळलंय.

मी नगरचा. सरकारदरबारी अहिल्यानगर झालं, पण माझ्या तोंडातून अजून नगरच निघतं. तीस वर्षं ऑर्केस्ट्रात गिटार वाजवली आणि जवळजवळ तेवढीच वर्षं लोकांचे ॲम्प्लिफायर उघडून दुरुस्त केले. त्यात गिटारचे थोडे आणि मंडपवाल्यांची मशीनं जास्त. हे लिहितोय ते गिटारवाल्या पोरांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठीही. पैसे बहुतेक वेळा त्यांचेच असतात.

पहिला हिशेब वॉटचा. दुकानदार वॉट विकतो, कानाला मात्र डेसिबल कळतात. वॉट दुप्पट केले की आवाज ३ डेसिबलनं वाढतो. शेजारी बसलेल्यानं "जरा वाढवला का रे?" असं विचारावं, एवढाच हा फरक. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबल वाढावे लागतात आणि त्यासाठी वॉट दहापट लागतात. म्हणजे १५चा देऊन ३०चा घेतला तर ३ डेसिबल वाढले. १५चा देऊन १००चा घेतला तरी वाढ ८ डेसिबलच्या जरा वर. शंभर वॉटचं धूड घरात आणूनही आवाज दुप्पट होत नाही. हे मी कागदावर मांडून दाखवतो. पोरं मान हलवतात आणि पुन्हा विचारतात, "पण काका, शंभरचा जास्तच वाजणार ना?"

आता स्पीकरकडं बघा. स्पीकरच्या माहितीपत्रकावर एक आकडा असतो: एक वॉट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो. कुणाचा ९७ असतो, कुणाचा १००. ९७चा काढून १००चा बसवला की तेच ३ डेसिबल मिळाले. ॲम्प तोच राहिला आणि १५चा ३०चा झाला. छोट्या ॲम्पमध्ये आठ किंवा दहा इंची स्पीकर असेल तर वेगळं खोकं करून बारा इंची जोडून बघा. अठरा मिलिमीटरचा प्लायवूड आणून गावातल्या सुतारानं ते दोन दिवसांत करून द्यावं. ओहम मात्र जुळवा. ॲम्पच्या मागं ८ लिहिलेल्या भोकात ८ ओहमचाच स्पीकर लागतो. हा सगळा खर्च नव्या ॲम्पच्या किमतीपुढं किरकोळ आहे. माझ्याकडं आलेल्या निम्म्या पोरांचं समाधान इथंच झालं.

उरलेल्यांपैकी काहींचं समाधान तर फुकटात होतं. ॲम्प खुर्चीवर ठेवा, तोंड स्वतःच्या कानाकडं थोडं वर करा. गिटारवाला ॲम्प जमिनीवर ठेवतो आणि त्याच्यापुढं उभा राहतो. बिचारा ॲम्प त्याच्या पोटऱ्यांना गाणं ऐकवत बसतो. स्पीकरचा धारदार आवाज सरळ रेषेत पुढं जातो, तो पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांच्या कपाळात बसतो. वाजवणारा मात्र "ऐकूच येत नाही" म्हणून अजून वाढवतो. ऑर्केस्ट्रातली निम्मी भांडणं मी अशी खुर्ची देऊन मिटवली आहेत.

आता खरा मुद्दा, आवाज फाटण्याचा. लग्नात माईकचा आवाज फाटला की वरबाप साऊंडवाल्याच्या अंगावर धावून जातो. गिटारवाला त्याच फाटण्यासाठी पैसे मोजतो. ट्यूबला, म्हणजेच व्हॉल्व्हला, त्याच्या ताकदीपलीकडं रेटलं की आवाजाची लाट वरून एकदम कापली जात नाही, हळूहळू दबते. तिची धार गोल होते, सूर लांबतो, आणि बोट हलकं लावलं की पुन्हा स्वच्छ होतो. ज्याच्यासाठी माणूस ट्रान्झिस्टरचा स्वस्त, हलका ॲम्प सोडून ट्यूबकडं येतो, ती हीच गोष्ट. पण त्यासाठी व्हॉल्व्ह रेटावा लागतो. ५ वॉटचा ॲम्प निम्म्यावर नेला की फाटायला लागतो. शंभरचा तिथपर्यंत न्यायचा तर सावेडीतली अख्खी सोसायटी गॅलरीत येईल. मग तो दोनवर ठेवावा लागतो. दोनवर त्याचे चार मोठे व्हॉल्व्ह नुसते ऊब देत बसतात आणि आवाज पातळ येतो. महिन्याभरानं पोरगा येतो: "काका, घरी मजाच येत नाही." येणार कशी? ज्याच्यासाठी घेतला, ते तो घरात देऊच शकत नाही. आवाज कमी ठेवून फाटवायची सोय बऱ्याच ॲम्पना असते, ते मलाही माहीत आहे. पण त्यात पुढचे छोटे व्हॉल्व्ह फाटतात, मागचे मोठे नाही. ज्याचे कान तयार आहेत त्याला फरक लगेच कळतो.

शंभर वॉट आले कुठून, ही गोष्ट नगरच्या माणसानं तरी ऐकायलाच हवी. लंडनच्या पश्चिमेला हॅनवेलमध्ये जिम मार्शल नावाच्या ड्रमवाल्याचं दुकान होतं. १९६२ साली तिथं पहिला मार्शल ॲम्प तयार झाला. १९६५च्या सुमारास 'द हू' या बँडचा पीट टाउनशेंड त्यांच्या मागं लागला, की मला याहून मोठा पाहिजे. त्याच्या हट्टापायी शंभर वॉटचा ॲम्प झाला आणि बारा इंची आठ स्पीकरचं एक प्रचंड खोकं झालं. ते इतकं जड निघालं की सामान उचलणारी माणसं कुरकुरायला लागली. मग खोक्याचे दोन भाग करून एकावर एक ठेवले. आज प्रत्येक रॉक बँडच्या फोटोत मागं दिसणारी ती काळी भिंत अशी उभी राहिली. ३१ मे १९७६ला लंडनच्या चार्ल्टन फुटबॉल मैदानावर या बँडचा आवाज स्पीकरपासून ३२ मीटरवर १२६ डेसिबल भरला. गिनेसनं तो जगातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा कार्यक्रम म्हणून नोंदवला. पुढं लोकांचे कान जाऊ नयेत म्हणून तो विक्रमच त्यांनी बंद केला.

आणि हाच टाउनशेंड नगरच्या मेहेरबाबांचा भक्त. १९६७च्या सुमारास तो बाबांकडं वळला. बाबांची नि त्याची भेट कधी झाली नाही. ३१ जानेवारी १९६९ला बाबा गेले, आणि १९७२ साली हा माणूस मेहेराबादला समाधीच्या दर्शनाला येऊन गेला. 'बाबा ओ'रायली' या त्याच्या १९७१च्या गाण्याच्या नावातले बाबा आपल्या अरणगावचे आहेत, हे नगरच्या किती गिटारवाल्यांना ठाऊक आहे कुणास ठाऊक. नगरहून दौंड रस्त्यानं आठ-नऊ किलोमीटर गेलं की अरणगावजवळ मेहेराबाद. १० जुलै १९२५पासून बाबांनी जे मौन धरलं ते शेवटपर्यंत, त्रेचाळीस वर्षांहून जास्त, सोडलं नाही. आधी अक्षरांच्या पाटीवर बोट ठेवून बोलायचे, १९५४नंतर तीही ठेवून दिली आणि नुसत्या खुणा उरल्या. जगातला सगळ्यात मोठा आवाज मागणाऱ्या माणसानं गुरू केला तो चार दशकांहून जास्त गप्प राहिलेला! यातून मी काही तात्पर्य काढत नाही, तेवढी माझी पात्रता नाही. पण ३१ जानेवारीच्या अमरतिथीला बाराच्या ठोक्याला तिथं हजारो माणसं पंधरा मिनिटं गप्प बसतात, तेव्हा एकदा जाऊन बसा. आपल्या कानात आधीच किती शिट्ट्या वाजतायत ते त्या पंधरा मिनिटांत कळतं. मला तिथंच कळलं. डाव्या कानात बारीक, सतत, मच्छरासारखी. ड्रमची झांज तीस वर्षं त्याच बाजूला होती.

टाउनशेंडचेही कान गेले. ते त्यानं लपवलं नाही. स्टेजपेक्षा स्टुडिओतल्या हेडफोननं जास्त घात केला, असं तो स्वतः सांगतो, तेव्हा हेडफोनवाल्यांनीही हे वाचावं. १९८८ साली अमेरिकेत वादकांच्या कानांसाठी एक संस्था निघाली, तिला सुरुवातीचे पैसे त्यानं दिले. हिशेब असा आहे: ८५ डेसिबलमध्ये आठ तास चालतात, आणि पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. तुमचा तो 'लहान' १५ वॉटचा ॲम्प ९७च्या स्पीकरवर पूर्ण उघडला तर एक मीटरवर १०८च्या पुढं जातो. त्याच्यापुढं दोन मिनिटं उभं राहिलात की त्या दिवसाचा कोटा संपला. आणि तुम्ही म्हणता, आवाज पुरत नाही! कापसाचे बोळे उपयोगाचे नाहीत. वादकांसाठी मिळतात ते इअरप्लग घ्या. ॲम्पच्या नुसत्या खोक्यावर घालायच्या कव्हरच्या किमतीत येतात.

शेजाऱ्यांचाही विचार करा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. गणपतीत डीजेवाल्यांना शिव्या देणारे आपणच, मग गच्चीवर ॲम्प उघडताना आपला तो 'रियाज' कसा होतो?

आता माझी चूक सांगतो. माझ्याकडं एक ५ वॉटचा ॲम्प होता, जुन्या व्हॉल्व्ह रेडिओच्या अंगातून काढून बनवलेला. आत एक ईएल-८४ आणि एक ईसीसी-८३, दोन्ही बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे. आपल्याकडं भंगारात गेलेले ते व्हॉल्व्ह आज बाहेरदेशी लोक शोधून शोधून विकत घेतात. आवाज असा, की नुसती तार छेडून सोडली तरी ऐकत बसावं. तो मी विकला आणि वर पैसे घालून पुण्याहून शंभर वॉटचा जुना ॲम्प आणि चार स्पीकरचं खोकं आणलं. दोन्ही मिळून साठ किलोच्या आसपास. आमच्या इथल्या रणगाडा संग्रहालयात ठेवला असता तर शोभला असता. जत्रेतल्या कार्यक्रमाला टेम्पोत तोच पहिला चढायचा आणि तोच शेवटी उतरायचा, कारण दुसरं कुणी हात लावायचं नाही. एका जत्रेत जनरेटर चढ-उतार करत होता. गायक सुरात होता, दिवे मात्र मोठे-बारीक होत होते. मी व्होल्टेज न बघता बटण दाबलं. दुसऱ्या गाण्याला व्हॉल्व्हच्या आतला पत्रा लालबुंद झाला, तिसऱ्या गाण्याला आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा वास आला. उरलेला कार्यक्रम मी दुसऱ्याच्या ट्रान्झिस्टरच्या ॲम्पवर वाजवला आणि पब्लिकला काही फरक कळला नाही. घाव खरा तो बसला. ५ वॉटचा परत मागायला गेलो तर घेणाऱ्यानं हसून चहा पाजला, ॲम्प दिला नाही.

म्हणून आपल्या जिल्ह्यात ट्यूब ॲम्प ठेवणाऱ्यानं विजेचं एवढं तरी बघावं. व्हॉल्व्हच्या आतली तार ६.३ व्होल्टवर तापते. लाइन २३०ची २६० झाली की ती ७.१वर जाते आणि आतला दाबही त्याच प्रमाणात चढतो. रात्री शेतीपंप बंद झाले की खेड्यात लाइन कशी उसळते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. एक साधा व्होल्टमीटर आणि बरा स्टॅबिलायझर, एवढं आधी घ्या. चौकोनी लहरीच्या स्वस्त इन्व्हर्टरवर ट्यूब ॲम्प लावू नका, गुणगुणतो आणि ट्रान्सफॉर्मर तापतो. अमेरिकेतल्या भावानं विमानातून आणलेला ॲम्प १२० व्होल्टचा असतो. तो आपल्या भिंतीत सरळ घातला की एका सेकंदात संपतो. त्याला व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो, तोही ॲम्प खातो त्याच्या दुप्पट ताकदीचा घ्या.

आणि अर्थिंग. मंडपात तीन पिनची दोन पिन करून देणारा वायरमन भेटतोच. गिटारच्या तारा हातात आणि ओठ माईकला लागले, दोन्हीकडचं अर्थिंग वेगळं असलं, की करंट थेट तुमच्यातून जातो. ३ मे १९७२ला वेल्समधल्या स्वॉन्सी इथं लेस हार्वी हा गिटारवादक ऐन कार्यक्रमात असाच गेला. वय सत्तावीस. माईकला आधी गिटारची तार टेकवून बघा. ठिणगी दिसली तर वाजवू नका, आयोजक कितीही ओरडू दे.

ॲम्प स्वतः उघडू नका, हेही सांगून ठेवतो. आत चारशेच्या पुढं व्होल्ट असतात आणि बटण बंद करून पिन काढली तरी कपॅसिटरमध्ये ते बसून राहतात. यूट्यूबवर बघून उघडणारे दोघं माझ्याकडं हाताला पट्टी बांधून आलेत.

मग मोठा ॲम्प घ्यायचाच नाही का? घ्या की. ज्याला स्वच्छ, न फाटणारा आवाज लागतो, जुन्या हिंदी गाण्यांचे भरीव कॉर्ड वाजवायचे असतात आणि शेजारी ड्रमवाला जोरात हाणणारा आहे, त्याला १५ वॉट खरोखर अपुरे पडतात. त्यानं तीस-चाळीसचा, बारा इंची दोन स्पीकरचा घ्यावा आणि तिथंच थांबावं. शंभर वॉट ज्या काळात लागायचे त्या काळात गिटारपुढं माईक लावायची पद्धत नव्हती, हॉलभर आवाज ॲम्पलाच पोचवावा लागायचा. आता आपल्या तालुक्यातल्या कुठल्याही साऊंडवाल्याकडं हजारो वॉट असतात. तुमच्या स्पीकरपुढं एक माईक ठेवून वायर मिक्सरला दिली की ५ वॉटचा ॲम्पही पाथर्डीच्या मैदानावर शेवटच्या माणसापर्यंत जातो. त्यामुळं पहिल्यांदा साऊंडवाल्याशी दोस्ती करा, त्याला कार्यक्रमाआधी अर्धा तास द्या.

घेणार असाल तर पुढच्या खर्चाचाही अंदाज ठेवा. १५च्या ॲम्पमध्ये मागचे मोठे व्हॉल्व्ह बहुधा दोन असतात, शंभरच्यात चार. सतत वाजवणाऱ्याला ते एक-दोन वर्षांत बदलावे लागतात, जोडी जुळवून घ्यावे लागतात आणि बसवल्यावर बायस, म्हणजे त्यांच्यातला करंट, लावून घ्यावा लागतो. नवे व्हॉल्व्ह येतात ते मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमधून. २०२२ साली रशियाकडून पुरवठा अडला तेव्हा किमती जगभर भडकल्या होत्या. आपल्याला तर पुणे नाहीतर मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठावाच लागतो.

जुना घेताना विकणाऱ्याला म्हणावं, अर्धा तास चालू ठेव. थंड ॲम्प सगळेच चांगले वाजतात. गरम झाल्यावर गुणगुण वाढते का, जळका वास येतो का, अंधार करून व्हॉल्व्हचा पत्रा लाल दिसतो का, ते बघा. व्हॉल्व्हच्या तारेचा नारिंगी उजेड असणारच, त्याला घाबरू नका. नॉब फिरवताना खरखर आली तर सोडून द्या, ते किरकोळ काम आहे. ट्रान्सफॉर्मर बदललेला असेल तर किंमत निम्मी करून मागा.

आणि लहान ॲम्प लगेच विकू नका. नव्यावर निदान तीन कार्यक्रम करा, एक बंद हॉलमध्ये, एक उघड्यावर, एक स्वतःच्या खोलीत. त्यानंतरही लहान्याची आठवण आली नाही, तर खुशाल विका. "पैसे अडकून पडतात काका," असं म्हणणाऱ्यांना सांगतो, ते अडकलेलेच बरे.

दुरुस्तीला आलात तर ॲम्पबरोबर त्याचा स्पीकर आणि स्पीकरची वायर आणा. गिटारची वायर तिथं चालत नाही, आणि स्पीकर न जोडता ट्यूब ॲम्प वाजवला की आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. निम्मे लोक वायर घरी विसरतात आणि मला उद्या या म्हणावं लागतं.